आरी यान हागेन-स्मिट

आरी यान हागेन-स्मिट (जन्म : उट्रेख्ट, नेदरलँड्स, २२ डिसेंबर १९००, मृत्यू : पॅसाडेना, कॅलिफोर्निया, १७ मार्च १९७७) हे डच-अमेरिकन जैवरसायनशास्त्रज्ञ होते. मोटारींच्या व तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या वायूंवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन जमिनीलगतच्या हवेत ओझोन तयार होतो, हे त्यांनी प्रयोगांनी सिद्ध केले. लॉस एंजेलिस शहराला ग्रासणाऱ्या धुरक्याचे (स्मॉगचे) मूळ त्यांच्या या संशोधनामुळे उलगडले. वनस्पतींची संप्रेरके, सुगंधी तेले आणि फळांचा स्वाद हे त्यांचे मूळ अभ्यासविषय होते. हवेच्या प्रदूषणाकडे ते वयाच्या पन्नाशीच्या सुमारास वळले. कॅलिफोर्निया राज्याच्या वायुसंपदा मंडळाचे ते पहिले अध्यक्ष होते. वायुप्रदूषण नियंत्रणाचे जनक असा त्यांचा उल्लेख अनेकदा केला जातो.

जन्म आणि शिक्षण

हागेन-स्मिट यांचा जन्म उट्रेख्ट येथे झाला. त्यांचे वडील तेथील सरकारी टांकसाळीत रसायनतज्ञ होते. शालेय शिक्षणानंतर हागेन-स्मिट यांनी उट्रेख्ट विद्यापीठात रसायनशास्त्राचा अभ्यास केला. त्या काळात प्रसिद्ध रसायनशास्त्रज्ञ लिओपोल्ड रुझिच्का हे काही वर्षे उट्रेख्टला प्राध्यापक होते. वनस्पतींच्या सुगंधी तेलांत आढळणाऱ्या टर्पीन वर्गातील संयुगांवर रुझिच्का यांचे काम चालू होते. याच वर्गातील सेस्क्विटर्पीन संयुगांवर प्रबंध लिहून हागेन-स्मिट यांनी १९२९ मध्ये डॉक्टरेट मिळवली आणि त्याच विद्यापीठात ते अध्यापन करू लागले.

सुगंधी द्रव्ये अत्यल्प प्रमाणात असतात, चटकन उडून जातात आणि हवेच्या संपर्काने बदलतात. ती न गमावता गोळा करणे, एकमेकांपासून वेगळी करणे आणि थेंबभर पदार्थावरून त्याची घडण ओळखणे हे या क्षेत्रातील मुख्य कौशल्य होय. हागेन-स्मिट यांनी ते उट्रेख्टमध्ये आत्मसात केले. पुढे प्रदूषित हवेच्या अभ्यासात त्यांना याच कौशल्याचा उपयोग झाला.

वनस्पती संप्रेरकांवरील संशोधन

१९३०च्या दशकाच्या आरंभी उट्रेख्ट हे वनस्पतींच्या वाढीच्या अभ्यासाचे महत्त्वाचे केंद्र होते. फ्रिट्स वेंट यांनी ओटच्या कोवळ्या अंकुरावर प्रयोग करून वाढीला चालना देणारा पदार्थ अस्तित्वात असल्याचे दाखवले होते. हा पदार्थ शुद्ध स्वरूपात मिळवण्याच्या कामात फ्रिट्झ क्योगल, हागेन-स्मिट व हानी एर्क्सलेबेन हे तिघे गुंतले होते. १९३४ मध्ये त्यांनी मानवी मूत्रातून इंडोल-३-ॲसिटिक आम्ल वेगळे केले. वनस्पतींमधील सर्वांत महत्त्वाचे वाढ-संप्रेरक म्हणून आज ते ओळखले जाते. याच प्रयोगशाळेने त्याआधी वर्णन केलेली ऑक्सिन-ए व ऑक्सिन-बी ही संयुगे मात्र पुढे कोणालाही पुन्हा मिळाली नाहीत. ती अस्तित्वात नसल्याचे १९६०च्या दशकात झालेल्या फेरतपासणीवरून स्पष्ट झाले.

१९३६ मध्ये हागेन-स्मिट हार्वर्ड विद्यापीठात व्याख्याते म्हणून अमेरिकेस गेले. पुढच्याच वर्षी आनुवंशिकीतील नोबेल पारितोषिकविजेते थॉमस हंट मॉर्गन यांच्या निमंत्रणावरून ते पॅसाडेना येथील कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी (कॅलटेक) या संस्थेत रुजू झाले. मॉर्गन तेथील जीवशास्त्र विभागाचे प्रमुख होते. फ्रिट्स वेंट त्याआधीच या विभागात दाखल झाले होते. १९४० पासून हागेन-स्मिट जैव-कार्बनी रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले व निवृत्तीपर्यंत याच संस्थेत राहिले. जेम्स बॉनर व जेम्स इंग्लिश यांच्यासह त्यांनी वनस्पतींच्या जखमा भरून येण्याशी संबंधित असलेले ट्रॉमॅटिक आम्ल शोधून काढले. त्यांनी अननसाच्या स्वादाचा सखोल अभ्यासही केला. अननसातून निघणारी बाष्पे अतिशय थंड केलेल्या नळ्यांमधून नेऊन गोठवायची आणि साठलेल्या द्रवाचे घटक एकेक करून ओळखायचे, अशी त्यांची पद्धत होती.

लॉस एंजेलिसचे धुरके

२६ जुलै १९४३ रोजी लॉस एंजेलिसवर दाट, डोळ्यांना झोंबणारे धुरके पसरले. काही गल्ल्यांपलीकडचे दिसेनासे झाले, लोकांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले, घसे खवखवू लागले. युद्ध चालू असल्याने हा शत्रूचा विषारी वायूचा हल्ला असावा, अशी शंकाही काहींना आली. पुढे असे दिवस वारंवार येऊ लागले. प्रथम कृत्रिम रबरासाठी ब्यूटाडाइन तयार करणाऱ्या एका कारखान्यावर ठपका ठेवण्यात आला. तो काही काळ बंद ठेवूनही धुरके कमी झाले नाही. धुरके काही महिन्यांतच नाहीसे केले जाईल, असे आश्वासन शहराच्या महापौरांनी दिले होते. ते पाळता आले नाही.

लॉस एंजेलिसच्या एका बाजूस पॅसिफिक महासागर आणि इतर बाजूंस डोंगर आहेत. उन्हाळ्यात समुद्रावरून आलेल्या थंड हवेच्या थरावर उष्ण हवेचा थर झाकणासारखा बसतो. तापमानाच्या या विपरीततेमुळे खालची हवा वर चढू शकत नाही आणि शहरात सोडलेले वायू तेथेच कोंडून राहतात. त्यात भरपूर ऊन आणि झपाट्याने वाढणारी मोटारींची संख्या यांची भर पडली होती.

१९४७ मध्ये कॅलिफोर्निया राज्याने कायदा करून लॉस एंजेलिस परगण्यासाठी वायुप्रदूषण नियंत्रण जिल्हा स्थापन केला. अमेरिकेतील अशा प्रकारची ही पहिलीच यंत्रणा होती. त्या वेळी धुरके म्हणजे दगडी कोळशाचा धूर व सल्फर डायऑक्साइड असे समीकरण रूढ होते. लंडन, पिट्सबर्ग व सेंट लुईस या शहरांचा अनुभव तसाच होता. त्यामुळे नव्या यंत्रणेने कारखान्यांच्या धुराड्यांवर व गंधकयुक्त वायूंवर निर्बंध आणले. गंधकाचे प्रमाण घटले, परंतु डोळ्यांची जळजळ कायम राहिली.

या धुरक्याची लक्षणेही वेगळी होती. लंडनचे धुरके थंडीत, दमट हवेत व रात्री वाढे. लॉस एंजेलिसचे धुरके उन्हाळ्यात, स्वच्छ आकाशाखाली व भर दुपारी तीव्र होई. कोळशाच्या धुरातील सल्फर डायऑक्साइड हा क्षपणकारक वायू आहे, तर लॉस एंजेलिसची हवा तीव्र ऑक्सिडीकारक असल्याचे आढळत होते. आसपासच्या शेतांतील पालक, लेट्यूस, एंडाइव्ह व बीट यांसारख्या पिकांच्या पानांच्या खालच्या बाजूस चंदेरी किंवा काशासारखी झाक येऊन पाने वाळत. ही इजा गंधकाच्या वायूने होणाऱ्या परिचित इजेशी जुळत नव्हती.

हवेचे पृथक्करण

पिकांच्या हानीचा प्रश्न वनस्पतींच्या रसायनशास्त्राशी निगडित असल्याने तो हागेन-स्मिट यांच्याकडे आला. वायुप्रदूषण नियंत्रण जिल्ह्याचे सल्लागार व वैज्ञानिक उपकरणांचे निर्माते आर्नल्ड बेकमन यांनी त्यांना या कामासाठी प्रवृत्त केले. बेकमन हे पूर्वी कॅलटेकमध्येच रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते.

हागेन-स्मिट यांनी अननसाच्या स्वादासाठी वापरलेलीच पद्धत हवेला लावली. त्यांनी पॅसाडेनाची सुमारे ३०,००० घनफूट (सुमारे ८५० घनमीटर) हवा अतिथंड नळ्यांमधून खेचली. नळ्यांमध्ये पाण्याबरोबर उग्र वासाच्या तपकिरी द्रवाचे काही थेंब साठले. त्यांच्या पृथक्करणातून आल्डिहाइडे, कार्बनी आम्ले आणि कार्बनी पेरॉक्साइडे आढळून आली. हे पदार्थ कोणत्याही धुराड्यातून थेट बाहेर पडत नव्हते. ती हायड्रोकार्बनांच्या ऑक्सिडीकरणाची उत्पादिते होती. म्हणजेच लोकांना त्रास देणारे पदार्थ हवेत सोडले जात नसून हवेतच तयार होत होते.

या निष्कर्षाने प्रश्नाचे स्वरूपच बदलले. तोपर्यंत अपायकारक वायू कोण सोडतो, एवढाच शोध चालू होता. आता मूळ वायू फारसे अपायकारक नसतानाही त्यांच्या परस्परक्रियेतून अपाय होऊ शकतो, हे ध्यानात आले. पेट्रोलच्या वाफा साठवणटाक्या, तेलशुद्धीकरण कारखाने व पेट्रोलपंप यांतून गळत होत्या. मोटारींच्या धुरातून अर्धवट जळालेले पेट्रोल बाहेर पडत होते. या हायड्रोकार्बनांचे ऑक्सिडीकरण कोण करते, हा पुढचा प्रश्न होता.

ओझोनची निर्मिती

वातावरणातील सुमारे ९० टक्के ओझोन स्थितांबरात असतो. जमिनीलगत आढळणारा अल्पसा ओझोन वरूनच खाली येतो, असा तेव्हाचा समज होता. लॉस एंजेलिसच्या हवेत मात्र धुरक्याच्या दिवशी ओझोनचे प्रमाण स्वच्छ हवेच्या कितीतरी पट होई आणि ते सकाळपासून वाढत जाऊन दुपारी शिगेला पोहोचे. रात्री ते पुन्हा उतरे. वरून येणाऱ्या ओझोनने या दैनंदिन चढउताराचा उलगडा होत नव्हता.

हागेन-स्मिट यांनी काचेच्या पात्रांत हायड्रोकार्बने व नायट्रोजन डायऑक्साइड यांचे अल्प प्रमाणातील मिश्रण घेऊन त्यावर सूर्यप्रकाश किंवा कृत्रिम प्रकाश पाडला. पात्रांत ओझोन तयार झाला. दोहोंपैकी एक घटक वगळला किंवा पात्र अंधारात ठेवले, तर ओझोनचा असा संचय होत नसे. पेट्रोलच्या वाफा आणि पुढे प्रत्यक्ष मोटारीचा धूर वापरूनही तोच परिणाम मिळाला. लॉस एंजेलिसच्या धुरक्याचे रसायनशास्त्र व त्याचे शरीरक्रियात्मक परिणाम यांविषयीचा त्यांचा प्रसिद्ध निबंध १९५२ मध्ये औद्योगिक रसायनशास्त्राच्या एका अमेरिकन नियतकालिकात प्रकाशित झाला.

या क्रियेचे मुख्य टप्पे पुढीलप्रमाणे आहेत. इंजिनातील उच्च तापमानामुळे हवेतील नायट्रोजन व ऑक्सिजन यांचा संयोग होऊन नायट्रिक ऑक्साइड तयार होते. हवेत त्याचे नायट्रोजन डायऑक्साइड होते. हा तपकिरी वायू सूर्याचे अतिनील व जांभळे किरण शोषतो आणि त्याच्या रेणूतून ऑक्सिजनचा एक अणू सुटतो. तो अणू ऑक्सिजनच्या रेणूशी जोडला जाऊन ओझोन बनतो. एवढेच घडले असते, तर उरलेल्या नायट्रिक ऑक्साइडने तो ओझोन लगेच नष्ट केला असता आणि त्याचा साठा झाला नसता. हायड्रोकार्बनांपासून तयार होणारे क्रियाशील मूलक नायट्रिक ऑक्साइडचे पुन्हा नायट्रोजन डायऑक्साइड करतात व त्यासाठी ओझोन खर्ची पडत नाही. त्यामुळे ओझोन साचत जातो. नायट्रोजन डायऑक्साइडच्या प्रकाशविघटनाचे महत्त्व १९५२ मध्येच लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील फ्रान्सिस ब्लॅसेट यांनीही मांडले होते. या साखळीत हायड्रॉक्सिल मूलकाची भूमिका मध्यवर्ती असल्याचे मात्र १९७०च्या सुमारास स्पष्ट झाले.

फॉक्स या सहकाऱ्याबरोबर १९५४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात हागेन-स्मिट यांनी हायड्रोकार्बने व नायट्रोजन ऑक्साइडे यांच्या निरनिराळ्या प्रमाणांत किती ओझोन तयार होतो, हे आलेखाने दाखवले. हे नाते सरळ नव्हते. दोहोंपैकी एक घटक निम्मा केला म्हणून ओझोन निम्मा होईलच असे नव्हे. काही परिस्थितींत एक घटक कमी केल्याने ओझोन वाढूही शकतो. प्रदूषण नियंत्रणाच्या नियोजनात पुढे अनेक दशके वापरल्या गेलेल्या समप्रमाण-रेषांच्या आलेखांचा उगम या निबंधात मानला जातो.

वनस्पती व रबर यांवरील प्रयोग

नुसत्या रासायनिक पृथक्करणावर हागेन-स्मिट थांबले नाहीत. त्यांनी रिव्हरसाइड येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या वनस्पतितज्ञांच्या सहकार्याने पालक, एंडाइव्ह, बीट, ओट व लसूणघास ही रोपे बंदिस्त कक्षांत ठेवून त्यांवर ओझोन व पेट्रोलच्या वाफा यांचे मिश्रण सोडले. शेतांतील पिकांवर दिसणारी इजा या रोपांवर जशीच्या तशी उमटली. ही चंदेरी झाक आणणारा एक प्रमुख घटक पेरॉक्सिॲसिटिल नायट्रेट हा असल्याचे १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात इतर संशोधकांनी दाखवून दिले. तोही याच प्रकाशरासायनिक क्रियेतून तयार होतो.

लॉस एंजेलिसमध्ये मोटारींच्या टायरांना इतर शहरांपेक्षा लवकर भेगा पडतात, हे रबर उद्योगाच्या लक्षात आले होते. ताणलेल्या रबरावर ओझोनची क्रिया होऊन अशा भेगा पडतात. ब्रॅडली यांच्यासह हागेन-स्मिट यांनी याचा उपयोग ओझोन मोजण्यासाठी केला. वाकवून ताणलेली रबराची छोटी पट्टी हवेच्या प्रवाहात ठेवायची आणि पहिली भेग दिसायला किती मिनिटे लागतात ते पाहायचे. ओझोन जितका अधिक, तितका हा अवधी कमी. या साध्या व स्वस्त साधनामुळे शहराच्या निरनिराळ्या भागांत ओझोनची मोजणी करणे शक्य झाले.

हवेतील सूक्ष्म कण

धुरक्यामुळे दूरचे दिसेनासे होते, याचे कारण हवेत तरंगणारे सूक्ष्म कण (एरोसॉल) हे असते. यांतील काही कण काजळी, धूळ किंवा राख या रूपात थेट हवेत मिसळतात. ओझोनची काही हायड्रोकार्बनांशी क्रिया होते तेव्हा कमी बाष्पनशील पदार्थ बनतात आणि ते थिजून त्यांचे अतिसूक्ष्म कण तयार होतात, असे हागेन-स्मिट यांना प्रयोगांत आढळले. अशा कणांना आज दुय्यम कार्बनी कण म्हणतात. त्यांच्या अभ्यासाचा आरंभ साधारणपणे हागेन-स्मिट यांच्या १९५२च्या निबंधापासून धरला जातो. डोळ्यांना दिसणारा पडदा आणि न दिसणारा ओझोन ही एकाच रासायनिक प्रक्रियेची दोन फळे आहेत, हे त्यातून स्पष्ट झाले. पुढे १९६० मध्ये त्यांचे सहकारी फ्रिट्स वेंट यांनी जंगलांवर दिसणारी निळसर झाक ही झाडांतून निघणाऱ्या टर्पिनांपासून अशाच रीतीने तयार होते, असे मत मांडले.

वाद आणि स्वीकार

हागेन-स्मिट यांच्या निष्कर्षांचा आर्थिक अर्थ मोठा होता. ते खरे मानले, तर तेल उद्योगाला वाफांची गळती थांबवण्यासाठी खर्च करावा लागणार होता आणि मोटार उद्योगाला इंजिनांची रचना बदलावी लागणार होती. शिवाय, रोज मोटार चालवणारा प्रत्येक नागरिक प्रदूषणाचा भागीदार ठरत होता. तेल कंपन्यांच्या संघटनेच्या अर्थसाहाय्याने स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत धुरक्याचा स्वतंत्र अभ्यास चालू होता. त्या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी प्रारंभी हागेन-स्मिट यांचे निष्कर्ष अमान्य केले. कॅलटेकमध्येच झालेल्या एका व्याख्यानात त्यांच्या कामाच्या अचूकतेवर शंका घेण्यात आली. तोवर हागेन-स्मिट यांचा आपल्या मूळ विषयाकडे परतण्याचा विचार होता. या आक्षेपांनी ते दुखावले गेले आणि आपले म्हणणे निर्विवाद सिद्ध करण्यासाठी त्यांनी स्वतःला पूर्णपणे या विषयाला वाहून घेतले.

मोटार कंपन्याही सुरुवातीला जबाबदारी घेण्यास तयार नव्हत्या. लॉस एंजेलिस परगण्याचे लोकनियुक्त पर्यवेक्षक केनेथ हान यांनी १९५३ मध्ये केलेल्या पत्रव्यवहाराला मोटारींचा धूर हवेत लवकर विरून जातो, अशा आशयाचे उत्तर मिळाले. त्याच वर्षी राज्याच्या गव्हर्नरांनी बेकमन यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. हायड्रोकार्बनांची गळती रोखणे, मोटारींच्या धुरासाठी मानके ठरवणे, उघड्यावर कचरा जाळण्यास बंदी घालणे आणि जलद सार्वजनिक वाहतूक उभारणे अशा शिफारशी या समितीने केल्या. १९५०च्या दशकाच्या मध्यापर्यंत इतर प्रयोगशाळांनीही प्रकाशरासायनिक ओझोननिर्मितीची खातरजमा केली आणि विरोधाची धार बोथट झाली. १९५७ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये घरोघरच्या परसातील कचरा जाळण्याच्या भट्ट्यांवर बंदी आली.

प्रदूषण नियंत्रणातील कार्य

१९६० मध्ये कॅलिफोर्नियाने मोटार-प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन केले. हागेन-स्मिट त्याचे सदस्य होते. इंजिनाच्या तेलपेटीतून गळणाऱ्या वाफा पुन्हा इंजिनात वळवणारी झडप हे या मंडळाने सक्तीचे केलेले पहिले साधन होय. १९६६च्या नमुन्यांपासून राज्यात विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींच्या धुरातील हायड्रोकार्बने व कार्बन मोनॉक्साइड यांवर मर्यादा घालण्यात आल्या.

१९६७ मध्ये मलफर्ड-कॅरेल कायद्याने राज्याच्या आरोग्य खात्यातील वायुस्वच्छता विभाग व मोटार-प्रदूषण नियंत्रण मंडळ यांचे एकत्रीकरण होऊन कॅलिफोर्निया वायुसंपदा मंडळ अस्तित्वात आले. गव्हर्नर रॉनल्ड रेगन यांनी हागेन-स्मिट यांना त्याचे पहिले अध्यक्ष नेमले. मंडळाची पहिली बैठक फेब्रुवारी १९६८ मध्ये झाली. १९६७च्याच केंद्रीय कायद्याने कॅलिफोर्नियाला देशातील इतर राज्यांपेक्षा कडक मानके ठरवण्याची मुभा दिली होती. त्यामुळे या मंडळाच्या निर्णयांचे परिणाम राज्याबाहेरही जाणवत, कारण मोटार कंपन्यांना एवढी मोठी बाजारपेठ सोडून देणे शक्य नव्हते.

अध्यक्षपदाच्या काळात एक अवघड प्रश्न पुढे आला. हायड्रोकार्बने कमी करण्यासाठी इंजिनांत केलेल्या बदलांमुळे ज्वलनाचे तापमान वाढून नायट्रोजन ऑक्साइडांचे प्रमाण उलट वाढले होते. आपल्याच आलेखांनुसार दोन्ही घटकांवर एकाच वेळी नियंत्रण हवे, हे हागेन-स्मिट जाणून होते. १९७१ मध्ये मंडळाने मोटारींतील नायट्रोजन ऑक्साइडांसाठी देशातील पहिली मानके लागू केली. आधीपासून रस्त्यावर असलेल्या मोटारींना नियंत्रक साधने बसवण्याची सक्ती करावी का, यावरून मात्र तीव्र मतभेद झाले. अशा साधनांचा भार थेट सामान्य मोटारमालकांवर पडणार होता. हागेन-स्मिट यांचा अध्यक्षपदाचा कार्यकाळ १९७३च्या अखेरीस संपला.

सन्मान आणि अखेरचा काळ

१९७१ मध्ये हागेन-स्मिट कॅलटेकमधून निवृत्त झाले. त्याच वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर त्यांची निवड झाली. १९७३ सालचे अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञान पदक त्यांना देण्यात आले. १९७४ मध्ये पर्यावरणविषयक कार्यासाठीचे टायलर पारितोषिक पहिल्यांदाच दिले गेले. परिसंस्थाशास्त्रज्ञ जॉर्ज इव्हलिन हचिन्सन व संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचे प्रमुख मॉरिस स्ट्राँग यांच्यासह हागेन-स्मिट त्याचे मानकरी होते. एल माँटे येथील वायुसंपदा मंडळाच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले. त्यानंतर काही आठवड्यांतच, १७ मार्च १९७७ रोजी, फुप्फुसाच्या कर्करोगाने पॅसाडेना येथे त्यांचे निधन झाले.

वारसा

हागेन-स्मिट यांच्या निधनापूर्वीच, १९७५च्या नमुन्यांपासून, अमेरिकेतील मोटारींत उत्प्रेरक परिवर्तक बसवले जाऊ लागले होते. लॉस एंजेलिसमध्ये १९५०च्या दशकात ओझोनचे प्रमाण कधी कधी हवेच्या दहा लाख भागांत अर्ध्या भागाहून अधिक होई. पुढील दशकांत लोकसंख्या व मोटारी कितीतरी वाढूनही ओझोनचे शिखरमान मोठ्या प्रमाणात खाली आले. तरीही आरोग्याच्या मानकांची मर्यादा तेथे आजही अनेक दिवस ओलांडली जाते.

लॉस एंजेलिसपुरती वाटलेली ही रासायनिक प्रक्रिया पुढे मेक्सिको सिटी, टोकियो, अथेन्स अशा अनेक शहरांत आढळून आली. १९७०च्या दशकात पॉल क्रुट्झेन व इतरांनी शहरांबाहेरच्या स्वच्छ हवेतही मिथेन व कार्बन मोनॉक्साइड यांच्या ऑक्सिडीकरणातून ओझोन तयार होतो, असे दाखवून दिले. त्यामुळे तपांबरातील ओझोनविषयीचे जुने मत मागे पडले. भारताच्या २००९च्या राष्ट्रीय हवा गुणवत्ता मानकांत ओझोनची मर्यादा आठ तासांच्या सरासरीसाठी प्रति घनमीटर १०० मायक्रोग्रॅम, तर एका तासासाठी १८० मायक्रोग्रॅम अशी ठरवण्यात आली आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेल्या सफर या प्रणालीत पुणे, मुंबई व इतर शहरांतील सूक्ष्म कणांबरोबर जमिनीलगतच्या ओझोनचीही नोंद घेतली जाते.

कॅलिफोर्निया वायुसंपदा मंडळाने २००१ पासून हवेच्या स्वच्छतेसाठी उल्लेखनीय कार्य करणाऱ्यांना हागेन-स्मिट यांच्या नावाने पुरस्कार देण्यास प्रारंभ केला. अपायकारक वायू थेट सोडला नाही म्हणून जबाबदारी संपत नाही, हा त्यांच्या संशोधनातून निघालेला निष्कर्ष आज जगभरच्या वायुप्रदूषणविषयक कायद्यांत गृहीत धरलेला आहे. म्हणूनच ओझोनची मानके पाळण्यासाठी हे कायदे ओझोनऐवजी त्याला जन्म देणाऱ्या हायड्रोकार्बनांवर व नायट्रोजन ऑक्साइडांवर मर्यादा घालतात.